गोजराचं नाव काढलं

बेलापूर पट्टी, जि. ठाणे
दि. १२ जानेवारी १९५८

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे खुशाल. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांचा हुकूम आलाय, शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे वेगळं लक्ष द्यावं आणि तशी वही ठेवावी. चार इयत्ता, एक खोली, चौसष्ट पोरं आणि मास्तर मी एकटा. ‘ण’ म्हणा म्हटलं तर सगळी गळा काढून ‘न’ म्हणतात. मी पाच शेरे तयार केले आणि एका दुपारीत चौसष्ट जणांना वाटून टाकले. साहेब खूश.

चौथीतली गोजरा कोळी दर पंधरवड्याला चार-पाच दिवस गायब. हजेरीचा पट खराब दिसतो, म्हणून घरी चिठ्ठी धाडली, ‘गोजराचे नाव काढले आहे.’ आता गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी तिची आई मैना टोपलीभर सुके बोंबील घेऊन हजर. पोरीनं नाव काढलान म्हनं, तुमचं उपकार हायत मास्तर, असं म्हणत पाया पडली. या लोकांना काय समजवायचं? मी टोपली ठेवून घेतली. बोंबील झकास होते.

माया आहेच, ती कमी न व्हावी.
धर्मराज

ओतूर, दि. २० जानेवारी

चि. धर्मराजास,
अनेक आशीर्वाद. ते सवयीने लिहिले, मनावर घेऊ नकोस.

तुझं पत्र मी घरात कुणाला दाखवलं नाही, लाज वाटली. पोटाला चिमटा काढून त्या बाईने बोंबील आणले आणि तू मिटक्या मारत खाल्लेस. घास उतरला कसा? आपला गुराखीसुद्धा एकेक गाय ओळखून हाकतो. तू म्हणे ट्रेनिंग घेतलेला ट्रेंड मास्तर.

ती का येत नाही, हे विचारायला तुझी जीभ झडली होती? मलाही कुणी विचारलं नव्हतं. तिसरीत माझं नाव काढलं ते तुझ्यापायी. आई खुरपायला जायची आणि तू सात महिन्यांचा, खाली ठेवला की भोकाड पसरायचास. मास्तरांच्या लेखी मी आळशी. त्या आळशी पोरीच्या मांडीवरून उठून तू खुर्चीत बसलास, शहाण्या.

मैनाच्या दारी जा, खरं काय ते सांग, पोरीला परत घे. तोवर पत्र टाकू नकोस.

तुला शरम वाटो, हाच आशीर्वाद.
बायजाआक्का

बेलापूर पट्टी, दि. २ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न.

जाऊन आलो. अमावास्या-पुनवेला मोठी ओहोटी लागते, तेव्हा मैना खाडीच्या चिखलात शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला जाते आणि गोजरा तान्ह्या भावाला सांभाळते. वर्षभर पट माझ्या हातात होता, मला दिसलं नाही.

खरं सांगायला तोंड उघडलं, तर मैना शेजारणींना बोलावून, पोरीचं कौतुक करणारे मास्तर हेच, म्हणून मला दाखवत होती. माझा धीर सुटला. एवढंच म्हणालो, की उद्यापासून पोरीला भावासकट पाठव. नाव मी पटावर पुन्हा घातलं आहे.

परतताना गोजरा पोराला कडेवर घेऊन बांधापर्यंत मागे आली. घरात वाचता येणारी ती एकटी, माझी चिठ्ठी तिनेच वाचून दाखवली होती. अर्थ तिला तेव्हाच कळला होता. म्हणाली, आय हसली मास्तर, मंग मी काय बोलू? तुमी पन सांगू नका.

वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलेला शेरा होता, ‘आकलन कमी’.

लोभ मागायला तोंड नाही. राग तरी असू दे.
धर्मराज