नकाशाच्या पानावरचा हात

न्यूनेन, १८ मार्च २००६

प्रिय इरावती,

‘प्रिय’ लिहिलं आणि पाच मिनिटं पेन हातात धरून नुसती बसून राहिले. कितीही राग असला तरी पत्राची सुरुवात ‘प्रिय’नेच करायची, हे बाबांनी शिकवलेलं, म्हणून लिहिलं. वर्षभरात आपण दोघी बोललो ते आईच्या तिकिटाबद्दल आणि तिच्या इन्शुलिनबद्दल. फोन करावा तर मी ओरडणार आणि तू फोन ठेवणार. शिवाय फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आई दिवसभर तिथेच सोफ्यावर असते. ई-मेल केली तर बँकेतल्या सवयीने तू एका ओळीत उत्तर पाठवशील. म्हणून कागद घेतला. मध्येच चुरगळून टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच. एवढं तरी माझं ऐक.

आईला इथे येऊन दोन महिने झाले. समोरच्या घरातल्या डच आजींशी तिची घट्ट मैत्री झाली आहे. एकीला मराठी येत नाही, दुसरीला डच येत नाही, तरी रोज सकाळी कुंपणापाशी अर्धा तास गप्पा चालतात. काल आजींनी तिला वाटाण्याच्या सूपची कृती सांगितली म्हणे, आणि आईने त्यात जिऱ्याची फोडणी घालून ते सुधारलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेली ती माझ्या कपाटावरचा काळा दगड घेऊनच. खरखरीत, भोकाभोकांचा, हलका. तिला वाटलं मी टाचा घासायला आणलाय. आता रोज त्यानेच टाचा घासते आणि म्हणते, इथला दगड आपल्याकडच्यापेक्षा चांगला. तो दगड मी बाबांसाठी आणला होता.

तुला आठवतं ना, सातवीच्या वर्गाला ज्वालामुखी शिकवायचा असला की बाबा आदल्या दिवशी घरी आपल्यावर तालीम करायचे? छडीने भिंतीवर टकटक करत म्हणायचे, आपण सगळे महाराष्ट्राचे लोक थंड झालेल्या लाव्ह्यावर घरं बांधून राहतोय. कुणीतरी एकदा गरम लाव्हा बघून या रे. चाळीस वर्षं भूगोल शिकवला आणि नकाशाबाहेर एकही देश पाहिला नाही. मग आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसासाठी यशोधनने ग्वाटेमालाचं ते पत्रक आणलं, ज्वालामुखींचा डोंगराळ मुलूख आणि माया लोकांची गावं, बारा दिवस, चालायचं आणि तंबूत राहायचं, तेव्हा माझ्याआधी बाबांनीच होकार दिला. पत्रकाची प्रत मागवली, ॲटलासमध्ये ते पान काढून पेन्सिलीने रस्ता आखला, आणि फोनवर मला बजावलं की येताना दगड आण, पण विकत घेतलेला नको, स्वतः उचललेला आण.

तो ट्रेक कसा झाला हे मी तुला कधी सांगितलंच नाही. सांगायची सोय राहिली नव्हती. आज सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

आपण दोघी कॉलेजात असताना पाठीवर पातेलं बांधून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो आणि अर्धी कच्ची खिचडी मुकाट्याने गिळली होती. तिथे सामान घोड्यांवर. आपण मुक्कामाला पोचायच्या आत तंबू उभे, टेबलावर कापड अंथरलेलं, त्यावर रानफुलं. सकाळी तंबूच्या तोंडाशी गरम पाण्याचं घमेलं, झोपायच्या आधी पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. वरपक्षाची नसेल एवढी बडदास्त. बरोबरची डच मंडळी हे सगळं हक्काने घेत होती आणि मला मेलं लाजल्यासारखं व्हायचं. वाटाड्या तिथलाच, माया, दोमिंगो नावाचा, बुटका आणि मितभाषी, इंग्रजी चांगलं बोलायचा. गावांतून बायका कमरेला माग बांधून, त्याचं दुसरं टोक झाडाला अडकवून विणत बसलेल्या असायच्या. गाव बदललं की नक्षी बदलायची, आपल्याकडे काठावरून लुगडं ओळखावं तसं. एका चुलीपाशी मी मक्याची रोटी थापायला बसले. भाकरीची सवय, त्यामुळे हात आपोआप चालले, आणि त्या बाया तोंडाला पदर लावावा तशा हसत सुटल्या. मी मनात ठरवून टाकलं होतं की हे बाबांना सगळं क्रमाने सांगायचं. कुठलं गाव, किती उंची, काय पिकतं.

गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला आम्ही एका बाजाराच्या गावी होतो. मी आईसाठी शाल निवडत होते तेव्हा यशोधन टेलिफोनच्या दुकानात गेला, कारण मधल्या एका दिवशी पुण्याला फोन करायचा असं ठरलेलं होतं. परत आला आणि म्हणाला, सगळे मजेत आहेत. मी पुन्हा शालींकडे वळले. निळी घ्यावी की तांबडी हाच त्या वेळी माझ्यापुढे प्रश्न होता.

बाराच्या सकाळी आम्ही सांता मारिया नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर होतो. खाली, आपल्या पायाशी म्हणावा असा, एक लहान ज्वालामुखी आहे, तासा-दोन तासाने फुटतो. आधी आवाज नाही, नुसता राखेचा फुलोरा वर येतो आणि मग गडगडाट. मी मोठ्याने म्हटलं, बाबा, बघा. लोक हसले. तो दगड तिथेच उचलला. तेव्हा आठ वाजले होते. पुण्यात संध्याकाळचे साडेसात. त्याच संध्याकाळी स्वयंपाक्याने पातेल्याच्या वरखाली निखारे ठेवून आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा केक केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन तुकडे खाल्ले, इरावती. बाप जाऊन अकरा तास झाले होते आणि मी दोन तुकडे खाल्ले.

दोन दिवसांनी एका टेकडीवर त्यांच्या पुजाऱ्याने मेणबत्त्या लावून पूजा मांडली. दोमिंगो म्हणाला, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव सांगा. मी बाबांचं नाव सांगितलं आणि म्हटलं, त्यांना दीर्घायुष्य मिळू दे. तो थांबला. हातातली मेणबत्ती त्याने खाली ठेवली, यशोधनकडे पाहिलं, मग दुसऱ्याच रंगाची उचलून माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून माझ्या ताटात सगळ्यांत आधी वाढलं जायचं, माझ्या तंबूत गरम पाण्याच्या दोन पिशव्या असायच्या, डच बायका माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. मला वाटलं, माणसं किती चांगली आहेत. आदल्या दिवशी यशोधनने दुसरा फोन केला होता आणि मुक्कामावर येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. बारा अनोळखी माणसांना माहीत होतं की माझा बाप गेला. मलाच माहीत नव्हतं.

वीस तारखेला, इथे, या स्वयंपाकघरात, मी ओट्यावर तो दगड आणि शाल मांडत असताना त्याने मला दोन्ही फोनांवरचं खरं सांगितलं. मी पुण्याला पोचले तर दहावा उरकून गेलेला. तेराव्याचं गोडधोड तेवढं माझ्या वाट्याला आलं. यशोधनशी माझं भांडून झालंय, अजूनही होतं. तो समोर असतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा भांडता येतं. त्याचं म्हणणं एकच, इरावतीने शपथ घातली होती. तू मात्र मला दारातच म्हणालीस, ताई, बाबाच म्हणाले, पद्मजाला बोलावू नका, तिचा ट्रेक पुरा होऊ दे.

त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. तुझा राग आला, तुझ्याशी बोलले नाही, तुझ्या माथ्यावर काय काय खापरं फोडली. पण आतून मात्र शांत होते, की चला, त्यांची इच्छा होती. शेवटी मला आठवून बोलले.

गेल्या महिन्यात आई मटार सोलत बसली होती आणि बोलता बोलता सहज म्हणाली, वाचाच गेली होती गं त्यांची, पहिल्या झटक्यालाच. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी खोदून विचारलं तेव्हा सगळं निघालं. आठ तारखेला रात्री झटका. चार दिवस हॉस्पिटलात. उजवं अंग लुळं, तोंडातून शब्द नाही. डाव्या हाताने खुणा करून त्यांनी ॲटलास मागितला, तू घरून आणलास, आणि मग ग्वाटेमालाच्या पानावरचा हात ते काढू देईनात. नर्सने पुस्तक उचललं की कासावीस व्हायचे. तू त्या हाताचं वाक्य केलंस. ट्रेक पुरा होऊ दे, असं. असेलही. तू तिथे होतीस, मी नव्हते. पण तो हात मला बोलावतही असेल. ती कुठे आहे, आणा तिला, असंही तो म्हणत असेल. मी हिशेब केला, नवाच्या त्या फोनवर निघाले असते तर बाराच्या दुपारी पोचले असते. सात तास मिळाले असते. मी तो हात बघितला असता आणि मला कळलं असतं, किंवा नसतंही कळलं. पण तो वाचायचा हक्क माझा होता. तू माझ्याशी खोटं बोललीस याचं मला एवढं नाही. तू माझ्या बापाच्या तोंडी खोटं घातलंस, आणि मी ते वर्षभर देवघरात ठेवल्यासारखं जपलं.



आता दुसरी गोष्ट. इथलं घर तू पाहिलेलं नाहीस. इथे जिना म्हणजे शिडीच असते. आई तिसऱ्या पायरीवर थांबायला लागली, छातीवर हात ठेवून. मी हाउसआर्ट्सकडे नेलं, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा असतो तो. त्याने लगेच आइंडहोवनच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. इथले डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेऊन कुजबुजत नाहीत. पेशंटच्या डोळ्यांत बघून बोलतात, आणि मी मध्ये दुभाषी. तिथला डॉक्टर आईकडे बघत म्हणाला, हृदयाच्या तीन वाहिन्या जवळजवळ बंद आहेत, विमानात बसायचं नाही, बायपास करावी लागेल, वय आणि मधुमेह बघता धोका बराच आहे, काही जण टेबलावरून उठत नाहीत. मग दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. आईला एक अक्षर कळलं नव्हतं. त्या क्षणी माझ्या ओठांवर काय आलं माहीत आहे? थोडा अशक्तपणा आहे, औषधाने जाईल. अगदी तयार वाक्य, आपोआप आलेलं. तुझ्या तोंडी कसं आलं असेल ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. प्रेमानेच येतं ते. म्हणूनच तर एवढं वाईट.

मी खरं सांगितलं. सगळं, टेबलावरून न उठण्यासकट. आई म्हणाली, बरं झालं बाई, कुणीतरी सरळ सांगितलं. आणि बाहेर लिफ्टपाशी आल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाली, इरावतीला यातलं काही कळता कामा नये. गेल्या वर्षी बाबांपायी तिची बढतीची परीक्षा बुडाली, यंदाची शेवटची संधी आहे, तुला माझी शपथ. तुम्ही दोघी मायलेकी शपथा घालण्यात पटाईत आहात.

ऑपरेशन सहा एप्रिलला आहे. तुझी परीक्षा नऊला. या पाकिटात आणखी एक कागद आहे, तो दुमडू नकोस. तुला इथे बोलावण्याचं हमीपत्र, खाली यशोधनची सही आणि खेमेन्तेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा शिक्का. व्हिसाला हा मूळ कागदच लागतो, म्हणून कुरियरने पाठवते आहे. आईची शपथ मी मोडली, ते पाप माझ्या माथी. ये असं मी म्हणत नाही. परीक्षेला बस असंही म्हणत नाही. आलीस तर आइंडहोवनच्या स्टेशनवर रागावलेली बहीण उभी असेल, पण उभी असेल. नाही आलीस तर ऑपरेशन झाल्याबरोबर, जे असेल ते, शब्द न बदलता तुला फोनवर सांगीन. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारते आहे, तुझं तू ठरव.

तुझीच, अजून राग न गेलेली,
ताई