डाव्या हाताची उमेदवारी

आबा,

परवा कुणीतरी तुमची आठवण काढली. पटवाऱ्यांचं अक्षर म्हणजे बघत राहावं असं, म्हणाला. मी ऐकून घेतलं, पण राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. त्यातलं एक अक्षर तुम्ही मला शिकवलं नाहीत.

तापात माझा उजवा हात लुळा पडला, त्यात तुमचा दोष नव्हता. पण मी डाव्या हातानं लिहितो म्हणून मास्तरांनी तक्रार केली आणि तुम्ही माझी शाळाच बंद केलीत. "डाव्या हातानं विद्या येत नसती. काहून हसं करून घेतूस?" धाकट्या भावाला शेजारी बसवून पटवारकीचं दफ्तर शिकवलंत. मी दोघांना पाणी आणून द्यायचो.

तो एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सतरा वर्षांचा आहे मी. तुमचा दफ्तराचा बस्ता उचलून वसमतच्या तहशिलीत आलोय. तुम्ही आत गेलात, आणि मी तुमचाच टाक काढून रद्दी कागदावर शाळेतली उर्दू आठवत बसलोय. मराठी लिहिताना माझा हात ओल्या शाईवरून फिरतो, सगळं फिसकटतं. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. हात पुढे, शाई मागे. अक्षर स्वच्छ राहतं. तहशिलीचं उर्दू दफ्तर लिहिणारे म्हातारे मुन्शी पाठीशी उभे राहून बघत होते. तुम्ही बाहेर येताच म्हणाले, "पटवारी, इसे मेरे पास उमेदवारी में छोड़ो. सालभर में तैयार करता."

बिनपगारी काम शिकायचं, पण तिथूनच पुढे कारकून होत. आणि तुम्ही हसलात. "मुन्शीजी, ह्येचा हात गेलाय. काहून लेकराची चेष्टा करून राहिले?"

चेष्टा त्यांनी केली नव्हती, आबा. मला काही येतं असं जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, आणि तुम्ही पुढे होऊन माझ्या सदऱ्याची बाही ओढून तो लुळा हात झाकलात. चारचौघांत. लाज तुम्हाला माझी वाटली, स्वतःची वाटायला हवी होती. धाकटा पटवारी झाला आणि मी त्याचाही बस्ता वाहिला.

बापानं उमेदवारी नाकारली, असं मी बायकोलाही सांगितलं, मुलांनाही. हा कागद त्यांच्या हाती पडायच्या आत फाडणार आहे, कारण मी सांगितलं ते पुरतं खरं नाही. मुन्शींनी तुम्हाला बाजूला सारून मला विचारलं होतं, "तू बोल. सीखना है?" तुम्ही खाली बघत होता, मला अडवलं नाहीत.

मीच म्हणालो, "न्हाई."