तीस एकरांचा भागाकार आणि ओढ्याकाठचे खाचर

मी भिवाजी हैबतराव टेमघरे, वय ७६, धंदा शेती, राहणार कोळवण, ता. मुळशी, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हल्ली दुपारी डोळा लागला की पाण्याने भरलेली खाचरे दिसतात, त्याला कोणी वेड म्हणू नये.

१) राहते घर, बँकेतली ठेव व ओढ्याकाठचे खाचर सोडून बाकीची जमीन मुलगा कैलास याला.

२) भातलावणीचे यंत्रही कैलासलाच, खुशाल भंगारात घालावे. घेताना मी हिशेब मांडला होता. हाताने लावायचे तर जितकी खाचरे तितकी मजुरी. यंत्राचा मोठा खर्च एकदाच, मग एकर लावा की तीस एकर. तीस एकरांवर भागले, यंत्र स्वस्त पडले. त्यात माझे एकर दोन. बाकीची शेजाऱ्यांची खाचरे मी न विचारताच धरली होती. निम्म्यांवर पुढे फार्महाऊस झाली. कोंडाजी शेडगे चारचौघांत म्हणाला, "माजी जिमीन तुज्या वहीत कुनी घातली?" मला राग आला. मी सावड सोडली. म्हणजे एकमेकांच्या लावणीला जायचा रिवाज मोडला. चूक माझी होती.

पत्नी सारजाबाई म्हणायची, "तुमचं यंतर बारा म्हैने खातंय. माजी मानसं लावनीच्या दिवशीच जेवत्यात." ती मला न सांगता आमची पाळी फेडत राहिली. ती गेली त्या पावसाळ्यात न बोलावता अकरा जणी आल्या, तेव्हा हे कळले. त्या वाकून मागे मागे सरकत होत्या आणि पुढचे पाणी हिरवे होत होते. मी बांधावर बसून रडलो. मी मोजले तेव्हा बारा होत्या. अजून तसेच वाटते.

३) ओढ्याकाठचे वीस गुंठे खाचर सून अपेक्षा हिला. कैलास म्हणतो विकू, व्याज जास्त येईल. त्याचे गणित चूक नाही. पण सासूमागे सावडीला अपेक्षा जाते. विकायची वेळ आलीच तर तिने आधी सावडीतल्यांना विचारावे.

ठिकाण: कोळवण
दिनांक: ४ जुलै २०२५

साक्षीदार:
१. डॉ. अपूर्वा मारणे (सही)
२. कोंडाजी शेडगे (सही)

ता. क. कोंडाजी अकरा वर्षांनी आमच्या ओट्यावर आला. सगळे वाचून घेतले, सही केली आणि उठता उठता म्हणाला, "मराया लई येळ हाय. सोमवारी माजी लावनी हाय, तू बी ये." तरी या कागदाची नोंदणी मंगळवारी करावी.

भिवाजी हैबतराव टेमघरे (सही)