बाकावरच्या मिठ्या

मिलवॉकी,
८ जानेवारी १९९६

ती. ल्युशसमामांस,
व्हर्लीनचा सा. न. वि. वि.

तुमचं नाताळचं पत्र पोचलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे, असं आई म्हणते. नाहीतर रोज फोन करून तिला पथ्यं सांगत बसला असतात, आणि स्वतः मात्र साखरेने एक पाय नेला तरी गोडाला हात लावायचं सोडलं नाहीत.

आता मुद्द्याचं. आईचं दुखणं यकृतापर्यंत गेलं आहे. डॉक्टरांनी उन्हाळ्याचं नाव काढलंच नाही, ईस्टरचं काढलं तेही चाचरत. आईला सगळं कळलं आहे. ती घाबरलेली नाही, पण तिला कॉर्डेल जवळ हवा आहे. तो रजा टाकून येतो म्हणाला, तर फोनवरच त्याला झाडलं. मोसमाच्या मधे काम सोडून आलास तर दार उघडणार नाही म्हणाली. त्याचा करार या उन्हाळ्यात संपतो, वय बत्तीस, अर्धा मोसम घरी बसला तर पुढे त्याला कोण घेणार? हा हिशोब तिला बरोबर कळतो, बहीण कुणाची!

म्हणजे त्याला यायला तर हवं, पण कामावर यायला हवं. फिनिक्सच्या संघाने त्याला इथल्या संघाला द्यावं, एवढी एकच वाट दिसते. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत बावीस फेब्रुवारीला संपते. तुम्ही जन्मभर बास्केटबॉलचे खेळाडू पारखत गावोगाव हिंडलात. इथल्या संघात तुमच्या ओळखीचं कुणी उरलं असेल तर शब्द टाका ना मामा. आईला यातलं काही माहीत नाही.

लोभ आहेच, तो अधूनमधून दोन ओळींनी दिसू द्या.

तुमची
व्हर्लीन

•

ग्रीनवूड, मिसिसिपी,
१५ जानेवारी १९९६

चि. कॉर्डेल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ताईचं पत्र आलं. रडलो, चष्मा पुसला आणि कामाला लागलो. मिलवॉकीच्या संघात वॉल्डो प्रिचेट म्हणून आहे, संघबांधणी तोच पाहतो. एकेकाळी माझ्या गाडीत मागे घोरत यायचा आणि मी पारखलेली पोरं आपण शोधली म्हणून सांगायचा. त्याला पत्र घातलं आहे.

त्यात तुझ्याबद्दल काय लिहिलं ते ऐक, नाहीतर मामाने भाच्याची भलामण केली म्हणशील. लिहिलं, की गडी आता पहिल्यासारखा उडत नाही. लांबून बास्केट करत नाही, चुकून झालीच तर स्वतःच दचकतो. पण चेंडू रिंगला लागून कुठे पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि समोरच्या धिप्पाड माणसाला तो सामनाभर सुखाने श्वास घेऊ देत नाही. तुमच्याकडे उडणारे पुष्कळ झालेत, पाय रोवून उभा राहणारा एक नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटी शिफारस मी पोटच्या पोरासाठीही केली नव्हती, तो अजून माझ्याशी बोलत नाही.

तू एक पथ्य पाळ. मला घरी धाडा, असं तिथे कुणापुढे बोलायचं नाही. गरजवंताला अक्कल नसते, आणि त्याची गरज दिसली की भाव पडतो. फिनिक्सवाले तुला सोडायला नाखूश आहेत असं प्रिचेटला वाटलं पाहिजे. तोंड बंद ठेव आणि हात वर.

तुझा प्रत्येक सामना लागला की बघतो. आवाज बंदच असतो. चालू केला तरी मला कुठे ऐकू येतोय! शेजारीण तेवढ्यावर खूश आहे.

जीव लावतोस तसाच लावत राहा, म्हाताऱ्याला दुसरं काय हवं.

तुझा
ल्युशसमामा

•

फिनिक्स,
२९ जानेवारी १९९६

ती. मामांस,
कॉर्डेलचा सा. न. वि. वि.

पथ्य मोडलं. रागावू नका. व्यवस्थापकाने बोलावून विचारलं, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली? तुम्ही म्हणालात तसं तोंड बंद ठेवून बसलो होतो, पण त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि मला सगळं बोलून टाकावंसं वाटलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला प्रयत्न करतो, पण आशा लावत नाही. बत्तीस वर्षांच्या माणसासाठी समोरून कुणी चांगला खेळाडू देत नाही. मोठा सौदा झाला आणि दोन्हीकडचे पगार जुळवायला कुणी भरीला लागला, तरच तुला घालता येईल.

मामा, दहा वर्षांत माझी पाच गावं झाली. दर वेळी कुणातरी मोठ्या खेळाडूबरोबर भरीलाच गेलो, डझनावर बेकरीवाला तेरावा पाव टाकतो तसा. कधी वाईट वाटून घेतलं नाही. या वेळी मात्र, भरीला का होईना पण टाका, अशी मीच देवाची विनवणी करतोय.

आईशी रोज बोलतो. आधी काय जेवलास विचारते, मग फ्री थ्रो का चुकवलेस म्हणून खरडपट्टी काढते. काल बोलता बोलता एकदम गप्प झाली. मला वाटलं फोन कटला. ताई दुसऱ्या फोनवरून म्हणाली, तिला झोप लागली. मला फोन ठेवावासा वाटेना. तिचा श्वास ऐकत तसाच बसलो.

एक विचारतो, मामा म्हणून नको, पारखी म्हणून उत्तर द्या. या वयात, या गुडघ्यांवर, मला कुणी मागून घेईल का हो?

आशीर्वाद मागायची गरज नाही, तरी मागतो.

तुमचा
कॉर्डेल

•

ग्रीनवूड,
रविवार, १८ फेब्रुवारी १९९६

चि. कॉर्डेल यास,
मुक्काम आईचं घर, मिलवॉकी!
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्ता बघितलास का पाकिटावरचा? फिनिक्सला टाकून काय करू, तू तिथे सापडणार थोडाच.

मी सगळं पाहिलं. दुसऱ्या सत्रात तू झकास खेळत होतास. चूक नाही, दुखापत नाही, दमलेलाही नव्हतास, आणि तरी प्रशिक्षकाने तुला मधेच बाहेर बोलावलं. मी खुर्चीत पुढे सरकलो. सौदा ठरला की गड्याला तडक बाहेर काढतात, कारण तेवढ्यात त्याचा पाय मुरगळला तर सौदाच मोडतो. प्रशिक्षकाने तुझ्या मानेवर हात ठेवून कानात काहीतरी सांगितलं. मग बाकावरचे एकेक करून उठले आणि तुला मिठ्या मारायला लागले. तो तुमचा लांबलचक सर्बियन पोरगा तर सोडेचना. तू तोंडावर टॉवेल घेतलास. रडलास ना लेका? रड, लाजू नकोस, इकडे मीही तेच करत होतो. मग तू आत गेलास तो परत आलाच नाहीस.

हे चित्र मी आयुष्यात इतक्यांदा पाहिलं आहे की मला समालोचकाची गरज नाही. बदली झाल्याशिवाय बाकावर असल्या मिठ्या पडत नाहीत. तू विचारलं होतंस ना, मला कुणी घेईल का म्हणून? उत्तर मुद्दामच लिहिलं नव्हतं. खरं सांगायला जीभ रेटेना, खोटं सांगायची सवय नाही. आता सांगतो, घेतलं.

ओडेसाला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. पुढचं तिच्यासाठी आहे. ओडे, तुझा पोरगा आला गं. काम सोडून नाही, कामावर आला. आता दार उघड आणि त्याला पोटभर जेवायला घाल, फार वाळलाय. पोरगं चेंडूच्या नादी लावलंस म्हणून तू माझ्याशी वर्षभर अबोला धरला होतास. हा घे, परत आणून दिला. तुझा भाऊ बहिरा असेल, आंधळा नाही.

शेजारीण संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चला निघाली आहे, तिच्याकडेच पत्र पेटीत टाकायला देतो.

आज लोभ वाढवा म्हणत नाही, मावणार नाही.

तुझा
ल्युशसमामा

•

ग्रीनवूड,
१९ फेब्रुवारी १९९६

चि. कॉर्डेल यास, आशीर्वाद.

सकाळी पाद्री आले. मला वाटलं अभिनंदन करायला आले. मी हसत त्यांना आत घेतलं, कॉफी ओतली, काल बदली झाली पोराची, असं मीच सांगत सुटलो. ते काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिलं. ओडेसा रविवारी दुपारी गेली. व्हर्लीनने संघाला फोन केला आणि प्रशिक्षकाने तुला खेळातून उठवून सांगितलं.

माझं एक पत्र त्या घरी येईल. न फोडता जाळून टाक. पाया पडतो तुझ्या.

आज पुढे लिहवत नाही. डॉक्टर मला प्रवासाला सोडत नाही. माझ्या वाटची माती तू टाक.

ल्युशस

•

मिलवॉकी,
१७ मार्च १९९६

ती. मामांस,
कॉर्डेलचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रोज घ्यायचो लिहायला आणि ठेवून द्यायचो.

त्या रविवारी मिळेल त्या विमानाने निघालो. घराशी पोचलो, पण दार वाजवायला हात होईना. काम सोडून आलास तर दार उघडणार नाही म्हणाली होती ना. पायरीवरच उभा राहिलो. ताईने खिडकीतून पाहिलं आणि तीच बाहेर आली.

तुमचं जाळायचं पत्र शनिवारी आलं. पहिलं गुरुवारीच आलं होतं, तेव्हा आज्ञा मोडली असं समजू नका. सांत्वनाचं असेल म्हणून खिशात घालून आईला ठेवलं होतं तिथे नेलं. तिच्याजवळ बसून फोडलं. पहिल्या ओळीला काही समजेना, मग समजलं. तुम्ही मोठ्याने वाचून दाखव म्हणून लिहिलं होतं. मी वाचलं, मामा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज चढवून, तिला थोडं दुरून हाक मारावी तसं. ताई धावत आली, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. तिने हातातून पत्र काढून घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि परत माझ्याकडे दिलं. म्हणाली, तुझा पोरगा आला तिथपासून पुन्हा वाच. आईचा अबोला तुम्ही सांगितलात तिथे आम्ही दोघं हसलो. नंतर मात्र मला पुढे वाचता येईना, तिनेच पुरं केलं.

त्याच दिवशी संध्याकाळी घरचा फोन वाजला. प्रिचेट होते. आधी आईबद्दल बोलले, मग संकोचत म्हणाले की आज मुदत संपायच्या आत सौदा झाला, तू आता आमचा. बरोबर कुणी मोठा खेळाडू नव्हता. भरीला नाही, मला एकट्यालाच मागून घेतलं. तुमचं पत्र वाचून तीन सामने ते स्वतः येऊन मागच्या रांगेत बसून गेले होते म्हणे. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हवा म्हणून घेतला. मी त्यांना सांगितलं, शुक्रवारी माती आहे, शनिवारी येतो. तुमच्या वाटची माती टाकायची मात्र राहून गेली, पत्र उशिरा पोचलं. दुसऱ्या दिवशी जाऊन टाकून आलो.

आता घरापासून मैदान दहा मिनिटांवर आहे. सामन्याआधी जेवायला घरी येतो. ताई ताट वाढते, मी जेवतो, काय जेवलास म्हणून कुणी विचारत नाही. खेळ बरा चालला आहे, पाय रोवून उभा राहतो. तुमच्या शब्दाला कमीपणा येऊ देणार नाही.

त्या पत्राचं मनाला लावून घेऊ नका. चित्र तुम्ही बरोबरच वाचलंत. मलाही मैदानातून बाहेर येताना तेच वाटलं होतं, मामा. प्रशिक्षकाने मानेवर हात ठेवला तेव्हा मी हसत होतो. त्यांनी कानात सांगेपर्यंत माझीही बदलीच झाली होती.

इथला प्रशिक्षक मला दर सामन्यात दोन-तीनदा बाहेर काढतो, दम खायला. साधी गोष्ट आहे. पण बाकाकडे येताना माझी नजर आधी तिथे बसलेल्यांच्या हातांवर जाते. कुणी उठतंय का, कुणी हात पसरतंय का. कुणी उठत नाही. एखादा पाण्याची बाटली पुढे करतो. मग मी बसतो.

तब्येतीला जपा. पत्र लिहीत राहा, तुमचा लोभ आता मोठ्याने वाचतो.

तुमचा
कॉर्डेल