उत्तर आणा, मग गुण

रवि., ५ जाने.
नव्या वर्षातला पहिला रविवार. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र म्हणजे कॉलेजच्या मागच्या तीन खोल्या, त्याही रविवारपुरत्याच आपल्या. मानसशास्त्राला दोन संमंत्रक. हा विद्यापीठाचा शब्द, पोरं सर-मॅडमच म्हणतात. एक रेंगे सर, एकोणसत्तर वर्षांचे, शाळेतून निवृत्त, इथं अगदी पहिल्यापासून. दुसरी पल्लवी, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, रविवारी देवगाव फाट्यावरून बस धरून येते. या दोघांना सांभाळणं हे संयोजक म्हणून माझं काम.

रें. सरांचा तास अकराला संपायचा, पावणेबारा झाले. पल्लवी दाराबाहेर हजेरीपट घेऊन उभी. केंद्राचे शिपाई शेख मामू चाव्यांचा जुडगा वाजवत आत डोकावले, "सर, दुसऱ्या मॅडमसाठीबी थोडं मन शिल्लक ठेवा की!" सर हसले, डस्टर ठेवलं, आणि दारात उभं राहून आणखी पाच मिनिटं बोलले.

विभागीय केंद्राचं पत्र आलंय. पुढच्या वर्षीच्या संमंत्रकांची यादी २८ फेब्रु.पर्यंत, माझ्या शिफारशीसह. यंदापासून स्वाध्याय ऑनलाइन. जे वेळेत तपासून गुण भरणार नाहीत त्यांची शिफारस करू नये. रें. सरांकडे अडतीस स्वाध्याय, गुण एकाचेही भरलेले नाहीत. १५ फेब्रु.ला पोर्टल बंद झालं की अडतीस जणांचे परीक्षा अर्ज अडणार.

शिफारस माझी, आणि सरही माझेच. बसा आता.

गुरु., ९ जाने.
दिवसभर तेच डोक्यात.

बावीस वर्षांपूर्वी मी मानवतहून एसटीनं यायची. लेक वर्षाची, सासूबाईंकडे ठेवून. त्याच मधल्या खोलीत, खिडकीजवळचा तिसरा बाक. पहिला स्वाध्याय 'विस्मरणाची कारणे'. पुस्तकातली सगळी उतरवली, खाली दुहेरी रेघा. परत आला तेव्हा गुणांचा चौकोन रिकामा, आणि खाली हिरव्या शाईत एक ओळ: 'तुम्हाला काय विसरायचं आहे?'

मी फणकाऱ्यानं विचारलं, "सर, गुण?"
"उत्तर आणा, मग गुण."

ही त्यांची पद्धत. प्रत्येकाला एक प्रश्न, उत्तर पुढच्या रविवारी. माझे तीन रविवार कोरडे गेले. चौथ्याला वडिलांबद्दल दीड पान नेऊन दिलं. त्यांनी तिथंच वाचलं, घडी घालून परत दिलं. "हे तुझं हाय, केंद्राचं न्हाई." गुण वीसपैकी चौदा. दोन कमीच दिले असं आजही वाटतं.

त्या दीड पानामुळं मी या विषयात राहिले. नाहीतर पदवीचा कागद ट्रंकेत गेला असता. काय दिवस होते ते. बस चुकली की रडू यायचं.

रवि., १२ जाने.
आज स्वतःच्या हातानं माती खाल्ली. सरांना कॉम्प्युटर जमत नसणार असं मीच ठरवून टाकलं. पल्लवीला म्हटलं, दुपारी सरांना पोर्टल शिकव. मीही शेजारी बसले, आणि शाळेतली बाई झाले. इथं दाबा, इथं शेरा, इथं गुण, जतन करा. सर निमूट 'हं, हं' करत होते. अर्ध्या तासानं त्यांनी माउस हातात घेतला आणि भराभर अडतीसच्या अडतीस उघडून दाखवले. सगळे वाचलेले. प्रत्येकाच्या शेऱ्यात एक प्रश्न. गुण तेवढे कोरे.

"हे सगळं येतंय मला, मंगल. नातीनं दिवाळीतच शिकवलंय."
"मग गुण का नाही भरले?"
"उत्तरं कुठं आलीत?"

चारचौघांत ते मला मॅडम म्हणतात, एकट्यात मंगल. आज पल्लवीसमोर मंगल म्हणाले. म्हणजे दुखावलेत. पल्लवी खाली मान घालून वायर गुंडाळत बसली.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. वाण-बिण आटोपून दुपारी सरांचे अडतीस प्रश्न वाचत बसले. तिळगूळ तोंडात आणि डोळ्यात पाणी, असला प्रकार. 'ताणतणाव' लिहिणाऱ्याला विचारलंय, 'शेवटचं खदखदून कधी हसलात?' 'भावनांचे नियंत्रण' लिहिणाऱ्या एकीला, 'तुमच्या घरात राग कुणाला परवडतो?' असले प्रश्न मला का सुचत नाहीत?

मग सहज म्हणून एका विद्यार्थिनीला फोन केला. सरांचा प्रश्न बघितला का? म्हणाली, "कुठला प्रश्न मॅडम? तिथं नुसतं 'तपासणी सुरू' दाखवायलंय."

पोर्टलची पुस्तिका काढली. गुण भरेपर्यंत शेरा विद्यार्थ्याला दिसतच नाही.

म्हणजे सर उत्तराची वाट बघतायत, आणि पोरांपर्यंत प्रश्न पोचलेलाच नाही. दोन महिने.

रवि., १९ जाने.
सरांना सांगितलं. आधी हसले. "म्हंजे पोरं गुणांची वाट बघायलीत, अन् मी उत्तराची?" मग हसू गेलं.

मी म्हटलं, आता आजच भरून टाका. "बिनउत्तराचे?" म्हटलं, हो, बिनउत्तराचे. नाही म्हणाले. माझा आवाज चढला. "सर, नियम माझा नाही!" तर शांतपणे म्हणतात, "माझा तर हाय." खरंच डोकं फिरलं. दुसरा कुणी संमंत्रक असता तर लेखी ताकीद दिली असती. द्यायलाच हवी होती बहुतेक.

तोडगा पल्लवीनं काढला. "मॅडम, आपणच फोन करून विचारू. लिहीत बसायला नको, मोबाईलवर बोलून पाठवू दे." वीस ती, अठरा मी. तिचा पगार सांगायची सोय नाही, त्यात हे वाढीव काम. तरी हरखली होती.

रवि., २ फेब्रु.
दोन आठवडे फोनच फोन. निम्म्यांना वाटलं परीक्षाच आहे. एकानं विचारलं, "ह्याचे वेगळे मार्क हायत का?" दुसरा तीन वेळा 'नंतर सांगतो' म्हणाला आणि काल अकरा मिनिटं बोलला.

सर मोबाईल कानाला लावून, डोळे मिटून ऐकतात. ऐकून झालं की स्वतः गुण भरतात. एकतीस झाले. खिडकीतून ऊन त्याच तिसऱ्या बाकावर येतं. मी तिथं जाऊन उगीच बसले थोडा वेळ. पूर्वी रविवारी या खोलीत बसायला जागा नसायची, दारात चपलांचा ढीग असायचा. आज तासाला सहा जणं.

बुध., ५ फेब्रु.
उज्ज्वलाचा फोन लागला एकदाचा. पोखर्णीजवळच्या वस्तीवर राहते, घरची शेळ्या-मेंढरं आहेत, लग्नानंतर शिकायला लागली. रागाचा प्रश्न तिलाच आहे. रानातून बोलत होती, मागं शेळ्यांचा कालवा.

"मॅडम, मागच्या सालीबी सरांनी हाच सवाल लिवला होता, कागदावर. उत्तर हाय माझ्याकडं. पन लिवावं कसं? घरात कागद कोनीबी वाचतंय. सासरे वाचतेत, दीर वाचतोय. लिवलं असतं तर राग कुनाला परवडतो ते तवाच कळलं असतं."

"मग सरांना सांगायचं नाही का गं?"

"सरांना काय सांगू? लय चांगले हायत ते. मलाच वाटलं, आपल्याला जमंना."

उत्तर दिलं नाही म्हणून गुण नाहीत. गुण नाहीत म्हणून गेल्या वर्षी परीक्षा नाही. घरून यंदाचं शेवटचं वर्ष मिळालंय तिला. 'स्वाध्याय अपूर्ण' अशी यादी गेल्या वर्षी गेली होती, तिच्यावर सही माझी. एकदाही विचारलं नव्हतं की अपूर्ण का.

मग तिनं उत्तर सांगितलं. मधे दोनदा थांबली, कुणी येतंय का बघायला. ते मी इथंही लिहिणार नाही.

रवि., ९ फेब्रु.
तास संपल्यावर सरांना एकट्यांना गाठलं आणि उज्ज्वलाचं सांगितलं. तिच्या परवानगीनं, आणि तिचं उत्तर वगळून. ते तिचं आहे.

सरांनी हातातलं डस्टर खाली ठेवलं. मग, "इतक्या वर्षांत हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या. कागद घरी जातोय."

उठून कॉम्प्युटरपाशी गेले. उज्ज्वलाचे गुण भरले. मग ज्या चौघांची उत्तरं आली नव्हती त्यांचेही. एका शब्दानं वाद नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं, फार.

रवि., १६ फेब्रु.
अडतीसही अर्ज गेले. उज्ज्वलाचा मी स्वतः बघून घेतला.

दुपारी सरांची शिफारस लिहिली. एका बैठकीत दोन पानं, हात थांबेना. तिसरा बाक, हिरवी शाई, दीड पान, सगळं आलं. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश. नियमाप्रमाणे शिफारस संमंत्रकानं वाचून खाली सही करायची असते. सरांच्या हातात दिली. पल्लवीचीही दिली, ती अर्ध्या पानाची. तिनं उभ्या उभ्याच सही केली. सर म्हणाले, घरी वाचतो.

रवि., २३ फेब्रु.
सर उशिरा आले. आयुष्यात पहिल्यांदा. दहाचा तास, अकराला दारात, चपला धुळीनं पांढऱ्या. पल्लवीनं त्यांचा तास घेतला तोवर. प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होती, म्हणे. "पण मी गुण अडवत नाही हां मॅडम," असं आपणहून सांगून गेली.

सरांनी शिफारस परत दिली. सहीची जागा कोरी. खाली हिरव्या शाईत: 'हे माझ्याबद्दल आहे की तुझ्या आठवणींबद्दल?'

मीही रागानं विचारलं, "आणि आज उशीर का झाला ते?"

"पोखर्णीला गेल्तो. नरसिंहाच्या दर्शनाला."
"आज? तासाच्या दिवशी?"
"मुक्कामालाच गेल्तो काल. सकाळी तिच्या वस्तीच्या फाट्यावर जाऊन बसलो."

"उज्ज्वलाच्या घरी गेलात?"

"घरी कशाला जाऊ? माझ्यासारखा बाप्या दारात गेला की तिलाच सतरा प्रश्न. नुसतं बघायचं होतं, दहाच्या तासाला तिला कवा निघावं लागत असंल. सातला फाट्यावर बसलो. ऑटो सीट भरल्याबिगर हालत न्हाई. इथं यायला अकरा वाजले." चपला झटकल्या. "अन् मी तिला दोनदा उशिरा आली म्हनून बोललोय."

 

बुध., २६ फेब्रु.
महाशिवरात्र, सुट्टी. ती दोन पानं पुन्हा वाचली. त्यांत पोखर्णी नाही, उज्ज्वला नाही, तासाला येणारे ते सहा जणही नाहीत. एकही वाक्य या वर्षाचं नाही. ज्या सरांची शिफारस केली ते माझ्या तेविशीतले. आणि त्या बाकावरची मी. मला ती मुलगी इतकी आवडते हे माहीत नव्हतं. तिला कुणी प्रश्न विचारायचं तेव्हा.

सर नसतील तर रविवारी कुलूप उघडताना मला कसं वाटेल, याची शिफारस लिहिली होती मी. विद्यापीठाला काय त्याचं.

फाडली नाहीत. ट्रंकेत टाकली. नवीन लिहायला घेतलं. चार तास लागले, पाऊण पान झालं. एका विद्यार्थिनीचं वर्ष त्यांच्या पद्धतीमुळे आणि माझ्या दुर्लक्षामुळे गेलं, हे लिहिलं. ताकीद दिली नाही, तेही लिहिलं. अडतीस जणांचे गुण शेवटी वेळेत भरले. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी सकाळी सातला फाट्यावर जाऊन बसले. तासाची वेळ साडेअकरा करावी, अशी त्यांची सूचना आहे.

शेवटी 'शिफारस: हो / नाही'. तिथं पेन टेकवून बसून राहिले.

गुरु., २७ फेब्रु.
संध्याकाळी सरांकडे जाऊन पाऊण पान दिलं. व्हरांड्यात बसून वाचलं त्यांनी, दोनदा. उज्ज्वलाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे लिहिलंस ते बरं केलंस." मग, "हो का न्हाई, ते का सोडलंस?"

म्हटलं, उद्या भरते. दोन वाजेपर्यंत वेळ आहे.

"नीट विचार कर. पल्लवी हाय आता. पोरगी चांगलं विचारती." चहा आला. नातीबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. निघताना कागद माझ्याकडे दिला, सही केलेला. हो-नाहीच्या आधीच सही. मी काहीही भरलं तरी त्यांना मान्य.

घरी येऊन कागद समोर ठेवलाय. 'हो' भरावं असं फार फार वाटतंय. आणि नुसतं वाटतंय म्हणून भरायचं नसतं, हेही त्यांनीच शिकवलंय.