मशीन बंद नव्हतं, अप्पा!

प्रिय अप्पा,

आज चिक्कप्पांचा ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला आणि अव्वाने गल्लीभर गव्हाची गोड हुग्गी वाटली. तुम्हाला कळवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेना. शिवाय तुमच्याशी भांडायचंय!

तुमच्या धाकट्या भावालाही तुमचाच आजार निघाला. लघवीतून रक्त, मूत्राशयात गाठ. ती किती जहाल, किती खोल, यावर लघवीची पिशवी राहणार की काढावी लागणार ते ठरणार होतं. म्हणून ऑपरेशनआधी एमआरआय, तोही मी चालवते त्याच मशीनवर.

आणि दारातच अडलं! आत धातू चालत नाही, म्हणून गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट बाहेर ठेवायचं म्हटल्यावर चिक्कप्पा ताडकन उठले. "जीव गेला तरी अंगावरनं काढणार न्हाई. तुज्या अप्पानं तरी कुटं काढलं? दारातनंच माघारी आला की!"

तुम्ही घरी येऊन काय सांगितलं होतंत? "मशीन बंद हाय." आठवतंय?

तुम्ही गेल्यावर त्या बंद मशीनवर मी किती वर्षं दातओठ खाल्ले! माझ्या हातचं मशीन कधी बंद राहू देणार नाही, या हट्टाने हे शिक्षण घेतलं. आणि ते चालू होतं? मला एका शब्दाने सांगायचं तरी!

पण रडायला वेळ कुठे होता? नवऱ्यासोबत आलेल्या चिक्कव्वाला बाहेर काचेपाशी खुर्ची दिली, तिच्या डाव्या तळहातावर पांढरं वस्त्र अंथरलं. "पूजेला घेता तसं हिच्या हातावर द्या. खाली ठेवणार नाही ती." चिक्कप्पांनी डबी कपाळाला लावली. मग लिंग तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "हात हलवू नगं गं."

आणि आत गेल्यावर सारखं, "हातातच हाय न्हवं?" शेवटी मी माइकवरून ओरडले, "तिचा हात हलत नाही, तुम्हीच हलताय!"

अप्पा, गाठीत पाणी किती मोकळं फिरतं, ते आता एका चित्रात दिसतं. जहाल गाठीत दाटी, तिथे पाणी अडतं, सिग्नल बंद पडल्यावर सात रस्ता चौकात गाड्या अडतात तसं. चिक्कप्पांच्या गाठीत पाणी बरंच मोकळं होतं! तरी डॉक्टर बोलेपर्यंत मी तोंड शिवून बसले. ते म्हणाले, गाठ सौम्य वाटते, खोल गेलेली नाही. ती दुर्बिणीतून खरडून काढली, आणि तुकडा तपासून आज तेच पक्कं झालं. पिशवी शाबूत! चिक्कप्पा भेटेल त्याला सांगतायत, "माज्यातलं पानी लई मोकळं हाय!"

तुमची गाठ कशी होती? ते मला कधीच कळणार नाही.

अव्वाला तिच्या नवऱ्याचं ते खोटं सांगितलं. हुग्गी ढवळता ढवळता ती थांबली. म्हणाली, "माजा हात व्हता की."

ती खुर्ची आता काचेपाशी कायमची आहे, शेजारी धुतलेलं वस्त्रही. लिंग असो, ताईत असो, माझ्या दारातून कुणी न बोलता माघारी जाणार नाही. हा तुम्हाला शब्द.

मशीन चालू आहे, अप्पा.

तुमची भांडखोर,
गिरिजा