जो मागेल तो हरला

२ मार्च १९८७

तिचं पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं! पोस्टमननं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "थीब्जचं आहे काकू, म्युझियमचा शिक्का आहे." जसं काही मला वाचताच येत नाही.

सहा ओळी. मे महिन्यात तुमच्या यजमानांना, लांब्रोसला, वर काढणार असं कळलं, तुमची परवानगी असेल तर त्या दिवशी मला हजर राहायचं आहे. खाली सही — एर्सी. नुसतं एर्सी! आडनाव नाही, हुद्दा नाही, घरच्या माणसासारखं.

पुरल्याला तीन वर्षं झाली की आमच्या दफनभूमीत सगळ्यांनाच कबरीतून वर काढतात. जागाच तेवढी. मग हाडं लाल वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची, पेटीत भरायची. ते घरच्या बायकांचं काम. हिचा त्यात काय संबंध?

४ मार्च

बावीस उन्हाळे लांब्रोसनं तिच्या हाताखाली खणलं. आमच्या गावच्या दगडी सिंहापासून थेट नदीपर्यंत, जिथे कुणी कापसातली मोकळी जागा दिली तिथे. जुन्या लढाईतले भाले, बकलं, दात. संध्याकाळी हातपाय धुऊन टेबलाशी बसला की पहिल्या घासाआधी सुरू — "बाई म्हणाल्या."

बाई म्हणाल्या, ढाल अर्धी आपल्यासाठी असते, अर्धी डावीकडच्यासाठी. बाई म्हणाल्या, असा शेजाऱ्याच्या ढालीआड उभा राहून आलेला शेतकरी घरी परतल्यावर गप्प बसेना. लढायला मी, मग ठरवायला तुम्ही का, असं विचारायला लागला. त्यातून सभा आली, मत आलं, शहर उभं राहिलं.

मसुरात मीठ पडलंय की नाही, हे मात्र त्याला एकदाही कळलं नाही.

माझी शाळा तिसरीत सुटली. पण नवऱ्याच्या तोंडून दुसऱ्या बाईची वाक्यं किती वर्षं गिळायची? पाद्रीबाबांच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक मागून आणलं. मग मास्तरांकडचं. ओळीखाली बोट धरून वाचायची. लढाया, तह, शहरं, पुन्हा लढाया. वाचलं की काहीतरी खुपायचं, आणि जेवताना मी ते त्याच्या अंगावर फेकायची. वर म्हणायची — जा, विचार तुझ्या बाईंना!

तो मान खाली घालून भाकर मोडायचा.

९ मार्च

फोतिनी आली होती. नणंद. पत्र दाखवायचं नव्हतं, पण तिनं पोस्टमनला आधीच गाठलेलं.

म्हणाली, "येऊ दे की वहिनी. तीही रडेल चार अश्रू. त्रेसष्टच्या बारा रात्रींचं काही देणं लागत असेल."

ही बाई माझ्याकडची कॉफी पिऊन मलाच चटका देते.

त्या बारा रात्री मी विसरलेले नाही. जुलै १९६३. मला आठवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली, म्हणून सुइणीनं खाटेवरून पाय खाली ठेवू नको म्हणून सांगितलेलं. आणि हा बारा रात्री घरी आला नाही. एका पोराकरवी निरोप — खंदकावर पहारा आहे, चोर फिरताहेत. ती तिकडेच तंबूत राहायची. परत आला तेव्हा नजर देईना. पुढे कॅलिरोई झाली, तर तिला कायम उजव्या हातावर घ्यायचा, तेही अवघडून. मनात पाप असलं की लेकरू जड होतं, असं मला तेव्हा वाटलं. अजून वाटतं.

मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. एकवीस वर्षं एका उशीवर.

१५ मार्च

सापडलं!

मास्तरांच्या पुस्तकात, पूर्वी वाचलेलं, अर्धंमुर्धं आठवणारं. लढाई संपली की दोन्हीकडची माणसं मैदानात पडलेली असायची. मग एक बाजू दूत पाठवायची — आमची माणसं आम्हाला नेऊ द्या. जी बाजू मागेल ती हरली, असा नेम. मैदानात कितीही मारलेत, कितीही टिकलात, तरी मेलेली मागितलीत की हरलात. सगळ्यांना मान्य.

तिनं मागितलं. तिच्या अक्षरात, म्युझियमच्या शिक्क्यासकट!

आज कॉफीत दोन चमचे साखर घातली.

१६ मार्च

पुढचं पानही कालच पुन्हा वाचायला हवं होतं. ज्याच्याकडे मागितलं त्यानं नाही म्हणायचं नाही, हाही नेमच. कट्टर वैरी असला तरी. नाही म्हणणं म्हणजे रानटीपणा.

दुपारभर पानं उलटली. मग आठवलं — एकदा अथेन्सच्या लोकांनी आमच्या देवळात ठाण मांडलं, तेव्हा आमच्या बिओशिया प्रांताच्या माणसांनी त्यांचे मेलेले सतरा दिवस दिले नव्हते. सतरा!

ती मूळची अथेन्सची. मी इथली.

उत्तर लिहिलं: "घरचा विधी आहे. घरचीच माणसं असतील." तीनदा लिहून काढलं, अक्षर चांगलं यावं म्हणून.

२ एप्रिल

लांब्रोसची गवती टोपी दाराजवळच्या खुंटीवर आहे. तिनंच अथेन्सहून आणून दिलेली. तो गेल्यावर कपडे वाटून टाकले, टोपी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी. कुणी विचारलं तर सांगते, बाईंची भेट! आणि समोरच्याचा चेहरा बघते.

आज वाचलं की जिंकलेले लोक, जिथून शत्रू पळाला तिथेच लाकडाचा एक खांब रोवायचे आणि त्याच्यावर शत्रूचं शिरस्त्राण टांगायचे. दगडाचा खांब करायचा नाही. आणि मोडायला आला तर दुरुस्तही करायचा नाही. लाकूड कुजेल तसं वैर कुजावं म्हणून. लाकडापेक्षा वैराला जास्त आयुष्य नको.

शहाणे होते. पण गेल्या हिवाळ्यात उंदरांनी टोपीची कड कुरतडली, ती मी तपकिरी दोऱ्यानं कधीच शिवून टाकली आहे. टाके दिसतसुद्धा नाहीत.

१० मे

झालं.

सकाळी मी, फोतिनी, पाद्रीबाबा आणि खणायला मान्थोस. घरचीच माणसं. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की मी वळून बघत होते. कुणी आलं नाही. नको म्हटलं होतं, तरी येईल असं वाटलं होतं का मला? रागच आला, न येण्याचा.

मान्थोस शेवटी फावडं ठेवून हातानं माती काढायला लागला. हाडं पिवळी निघाली, मेणासारखी. फोतिनी म्हणाली, "पुण्यवान माझा भाऊ!" आणि रडायला बसली. मला रडू येत नव्हतं. मी बाही वर करून वाइनच्या परातीशी बसले. एकेक हाड घ्यायचं, धुवायचं, पांढऱ्या फडक्यावर ठेवायचं. कपाळ ओळखलं. पुढचा फुटका दात ओळखला, अक्रोड फोडताना गेलेला. म्हटलं, ये, किती हलका झालास.

मग डावं गळ्याजवळचं हाड हातात आलं. वाकडं. मध्ये मोडून पुन्हा जुळलेलं, जुळलं तिथे जाड गाठ. मी उजवं शोधून शेजारी ठेवलं. ते सरळ.

फोतिनीला विचारलं, लहानपणी पडला होता का? "कधीच नाही. आमच्या घरात कुणाचं हाड मोडलं नाही." पाद्रीबाबांनाही माहीत नाही.

एकतीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं मोडलेलं हाड मला परातीत सापडतं! कधी मोडलं, कुणी बांधलं, किती दुखलं? तो कुठल्या कुशीवर झोपायचा ते आठवत बसले. उजव्या. कायम उजव्या.

हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे. हाडं वाचायचंच तिचं काम.

११ मे

विचारणार नाही.

१५ मे

पेटी दफनभूमीतल्या हाडांच्या खोलीत ठेवली, खिडकीखाली. त्याच्या नावानं उकडलेले गहू वाटले. सगळे म्हणाले, छान झालं, सुटलीस. मान डोलावली.

त्याच्या खांद्याबद्दल दुसऱ्या बाईला माहीत असावं आणि मला नसावं!

२० मे

कॅलिरोईचा मेलबर्नहून फोन. तिला विचारलं, बाबा तुला कुठल्या हातावर घ्यायचे आठवतं का? म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

२६ मे

आज बोटं मोजली. वर काढल्याला उद्या सतरा दिवस होतील. आमच्या माणसांनीही त्याहून जास्त ताणलं नव्हतं.

२७ मे

सकाळच्या बसनं लिवाडिया, तिथून दुसऱ्या बसनं थीब्ज. काळे बूट चावले.

ती म्युझियमच्या मागच्या गोदामात होती, हाडांनी भरलेल्या ट्रेच्या रांगांमध्ये, स्वेटर घालून. मे महिन्यात स्वेटर! लांबून पाहिलेली एर्सीबाई उंच होती. ही माझ्या कानाएवढी. बावीस वर्षं एका गावात उन्हाळे काढले आणि मी तिला एकदाही घरी बोलावलं नव्हतं.

बसा म्हणाली. मी उभीच राहिले. म्हटलं, त्याचं एक हाड वाकडं निघालं.

"डावं," ती म्हणाली. मी बाजू सांगितली नव्हती.

हातातला ब्रश ठेवला तिनं. मग सांगितलं. जुलै त्रेसष्ट. खंदकाची भिंत सुटली तेव्हा ती खाली होती. लांब्रोसनं तिला ढकललं आणि टेकूची फळी त्याच्या खांद्यावर आली. बारा दिवस लिवाडियाच्या इस्पितळात.

"ते हाड माझ्या वाटणीचं होतं," ती म्हणाली. "म्हणून एकदा पाहायचं होतं."

मी म्हटलं, मला का नाही कळवलंत? तर म्हणाली, त्यानं शपथ घातली होती. दोन गेलीत, हे तिसरं तिच्या घाबरण्यानं जाईल, मूल झालं की मीच सांगतो.

"त्यानं नाही सांगितलं," मी म्हटलं.

"मला वाटलं सांगितलं असणार. म्हणूनच तुम्ही मला घरी बोलावत नाही."

मग एवढी लांब आलेच होते, तर विचारून टाकलं — तुमचं मन होतं का त्याच्यावर?

तिनं चष्मा पुसला. "बावीस वर्षं तो मला बाई म्हणाला. तुम्हाला काय म्हणायचा?"

"काही नाही. ऐकलंस का, एवढंच."

"ते मला कुणी म्हटलं नाही," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. इथे खोटं लिहून काय करू? तिचं तोंड तसं झालेलं बघून मला बरं वाटलं. आणि मग लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

निघताना दारात थांबले. म्हटलं — तुमच्याकडे त्याचं जे काही असेल, ते मला द्या.

मी मागितलं.

तिनं कपाट उघडलं आणि खणकामाच्या रोजच्या नोंदवह्या माझ्या पिशवीत भरायला लागली. सहा मावल्या. म्हणाली, बाकीच्या नेण्यासाठी पुन्हा या.

२८ मे

वह्या उघडल्या. खंदक क्रमांक, मातीचा रंग, वारा. लांब्रोस हजर, लांब्रोस हजर. आणि समासात लाल शाईनं तिच्या बारीक अक्षरात, जवळजवळ रोज:

"लांब्रोसच्या घरून विचारणा — ज्याला ढाल घेणं परवडलं नाही त्याला मत होतं का? आणि ढाल पुसून ठेवणाऱ्या बाईला?"

"घरून विचारणा — सिंहाखाली पुरलेल्या दोनशे चोपन्न जणांना मागायला त्यांच्या बायका आल्या नसतील का? (माहीत नाही. शोधणे.)"

"घरून विचारणा — लढायांनी माणूस सुधारला म्हणता. मग वैऱ्याला त्याचं प्रेत परत द्यावं, हे लढाईनं शिकवलं की प्रेतानं? पहिला कायदा तोच नसेल? (दोन दिवस हाच विचार करते आहे.)"

माझे टोमणे! मसुराच्या ताटावरून फेकलेले. जा, विचार तुझ्या बाईंना — तो खरंच जाऊन विचारत होता. रोज सकाळी माझं तिकडे न्यायचा, संध्याकाळी तिचं इकडे आणायचा. "बाई म्हणाल्या" हे उत्तर होतं. मी विचारलेल्याचं.

आणि मी म्हणायची, जेव आधी, गार होतंय.

९ जून

उंदरांनी टोपीची दुसरी कड खाल्ली. सुईदोरा हाताशीच होता. तशीच राहू दिली.